हेमचंद्रांचं चुकलेलं 'घर'

संगमनेरच्या कोर्टात हेमचंद्रांनी जुन्या इंग्रजी दस्तांची भाषांतरं तीस वर्षं केली. निवृत्त होऊन दहा वर्षं झाली, तरी कागद अडला की वकील अजून त्यांच्याच दारात. माणूस ठसक्याचा. "इंग्रज विसरले असतील, मी नाही," असं खुशाल म्हणायचे, आणि ते खरंही असायचं.

त्या दिवशी रतनबाई आल्या. हातात आजेसासऱ्यांचं इंग्रजी खरेदीखत आणि त्याचं चाळीस वर्षांपूर्वीचं मराठी भाषांतर. शेजाऱ्याने दावा लावला होता : भाषांतरात नुसतं 'घर' विकलंय, मागचं अंगण आणि गोठ्याची जागा मूळ मालकाचीच राहिली, ती मी त्याच्या वारसांकडून घेतली.

"सायेब, गोठा गेला तर म्हशी कुठं बांदू? दुधावरच तर चाललंय आमचं."

हेमचंद्रांनी खत वाचलं. विकलं होतं ते 'मेस्विज'. शब्द पाहताच स्वारी खुलली.

"बाई, हा शब्द नॉर्मन लोकांबरोबर फ्रेंचमधून इंग्लंडात गेला. मूळ अर्थ राहण्याचा. आता राहायला काय नुसत्या भिंती लागतात? घर, अंगण, गोठा, परस, सगळं मिळून मेस्विज. पुढे बोलण्यातून गेला, दस्तांत तेवढा उरला. कुठल्या गाढवाने 'घर' लिहिलंय?"

त्यांनी खालची सही पाहिली. गाढव ते स्वतःच होते. नोकरीचं पहिलं वर्ष, टेबलावर ढीग, आणि कचेरीतल्या छोट्या कोशात अर्थ तेवढाच दिलेला.

बाई गेल्यावर लीनाताई नवऱ्याला म्हणाल्या, "दुसऱ्या कुणाकडून नवं भाषांतर करून घेऊ दे तिला. एवढ्या वर्षांचं नाव आहे तुमचं."

हेमचंद्रांना लाज वाटली होती, चांगलीच वाटली होती. "नाव माझं जाईल, गोठा तिचा जाईल," ते म्हणाले. "म्हशी नावाला बांधता येत नाहीत." मग चार दिवस ते कपाटातली आपल्या भाषांतरांच्या नकलांची जुनी दप्तरं काढून बसले.

साक्षीच्या दिवशी त्यांनी शब्दाचा अर्थ सांगितला आणि स्वच्छ आवाजात म्हणाले, "ही चूक माझी."

शेजाऱ्याच्या वकिलाला आयतंच सापडलं. "म्हणजे तुमची बाकीची भाषांतरंही अशीच चुकलेली असणार!"

"सगळी नाहीत. हा शब्द असलेली आणखी अकरा आहेत," हेमचंद्र म्हणाले आणि त्यांनी यादी पुढे केली. "त्या अकरा घरांना मी कालच पत्रं टाकली."