चार खोल्या, तीन टीव्ही

सकाळपासून हे लिहायचं टाळतोय. मध्ये रे रोडला जाऊन मित्राच्या टेम्पोतून लाकडं उतरवली, तिथे एका मांजरीमागे अर्धा तास घालवला. तरी डोक्यातली घाण जात नाही, म्हणून लिहितो.

आमच्या चिंचपोकळीच्या चाळीत चार खोल्यांत मिळून एकच सिरियलवालं अ‍ॅप आहे. पैसे सारखे वाटून. ते महागलं, म्हणून आज सकाळीच गॅलरीत मीटिंग झाली. स्वस्त प्लॅन घ्यायचा ठरला, पण त्यात तीनच टीव्ही चालतात.

"आँटीला काढा," परबकाका म्हणाले. "एकटी बाई ती. आमच्याकडे पाच डोकी."

"काका, ती पण पैसे देते ना?" मी म्हटलं.

"मग तू सोड तुझ्या घरचं! विचार आईला."

आई खाली बघून लसूण सोलत राहिली. मग मीपण गप्प बसलो.

शेवटच्या खोलीतल्या फ्रान्सिना आँटीचे गुडघे गेलेत. तिला मीटिंगला कोणी बोलावलंच नव्हतं. नाताळात तिच्याच हातचा केक चाटूनपुसून खाणारे आम्ही! आणि पासवर्ड बदलला कोणी? मी. चाळीत तेवढं मलाच जमतं.

शी! घरटी वाचले किती, तर दोन वडापावचे पैसे.

खरं सांगा, तुम्ही बोलला असतात का?

थांबा, दारात कोणीतरी आलंय. अरे देवा, आँटी! भिंत धरत धरत एवढी गॅलरी चालून आलीय.

"बाबू, माझा टीव्ही बंद पडला रे. जरा बघतोस?"