विसावं नाव

शेवगावात दानीएल भिंगारदिवे मास्तरांना दोन नावं होती. हायस्कुलात ते भिंगारदिवे सर आणि बाजारात टकटक मास्तर. दुसरं नाव आपल्याला आवडत नाही असं ते सांगत, पण त्या नावानं कुणी हाक मारली की पहिल्याच हाकेला वळून बघत. नववी ते अकरावीची वाणिज्य तुकडी त्यांच्याकडे होती. जमाखर्च, व्यापारी पत्रव्यवहार आणि टायपिंग. गणिताला घाबरलेली आणि शास्त्राला कंटाळलेली पोरं या तुकडीत येत आणि सहा टाइपरायटरांवर पाळीपाळीनं बसत. मास्तर त्यांच्या हातांवर फडकं टाकत, म्हणजे अक्षरं बघून मारायची सोय राहत नसे. दोन मशिनींवरचा 'र' अडकायचा, त्यामुळे शेवगावातून बाहेर पडलेला टायपिस्ट 'र' जरा दाबूनच मारतो, अशी मास्तरांची समजूत होती.

मास्तरांचा खरा हंगाम मात्र जूनमध्ये. अकरावीचा निकाल लागला की त्यांच्या घराच्या ओट्यावर माणसं जमू लागत. बापानं टोपी काढून मांडीवर ठेवलेली, शेजारी पोरगं खाली मान घालून, आणि प्रश्न एकच, आता हा पुढं कुठं जाईल. मास्तर स्वतः कॉलेजात गेलेले नव्हते. मॅट्रिक, सरकारी टायपिंगच्या परीक्षा आणि एक वाणिज्य पदविका एवढीच त्यांची पुंजी. पण कुठलं कॉलेज वाणिज्यवाल्या पोराला घेतं आणि कुठलं दारातून परत पाठवतं, हे तालुक्यात त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं, कारण ते ऐकीव माहितीवर विश्वासच ठेवत नसत. दर उन्हाळ्यात ते नगरच्या, पुण्याच्या कॉलेजांना जोडकार्डं पाठवत. जोडकार्ड म्हणजे एकाला एक चिकटलेली दोन पोस्टकार्डं. एकावर आपण लिहायचं, दुसऱ्यावर आपला पत्ता घालून ठेवायचा, आणि समोरच्यानं ते फाडून उत्तर पाठवायचं. मास्तर सरळ टाइप करत, "आमचे तुकडीचे विद्यार्थ्यास आपले येथे प्रवेश मिळतो किंवा कसे, होय अगर नाही लिहावे." कॉलेजचा कारकून कितीही आळशी असला तरी एक शब्द लिहायला त्याचं काही जात नाही, हा मास्तरांचा हिशेब, आणि तो बहुतेक वेळा बरोबर निघे.

एकाहत्तर सालच्या जूनमध्ये पहिला आला तो मच्छिंद्र. बरोबर त्याचा मुलगा कानिफनाथ.

"मास्तर, ह्याला इंजनेर करायचाय," मच्छिंद्र म्हणाला. "गावात सांगून बसलोय आमी."

"मार्क किती?"

"बेचाळीस टक्के. म्हंजी पास हाय."

"आणि विषय कुठले घेतले होते?"

"आता विषय तुमीच शिकविलं की, मला काय इचारता?"

मास्तरांनी कार्डांचा डबा उघडला, तीन कार्डं काढली आणि मच्छिंद्रापुढं मांडली. तिन्हीवर शिक्का होता आणि तिन्हीवर 'नाही' होतं. मच्छिंद्राला वाचता येत नव्हतं, पण शिक्का कळत होता. त्यानं तिन्ही कार्डं उलटीपालटी करून पाहिली.

"मग काय करायचं?"

"नगरला रात्रीचं कॉमर्स कॉलेज आहे. दिवसा ह्यानं कुठंतरी कारकुनी करावी. हात चांगला आहे ह्याचा, चाळीसचा वेग आहे. चार वर्षांत बी. कॉम. होईल. नाही झाला तरी नोकरी हातात राहील."

"पर इंजनेर म्हनून सांगितलंय ना."

"मग आता कॉमर्स म्हणून सांगा. लोक दोन दिवस हसतील, मग त्यांची पेरणी निघेल."

कानिफनाथ पहिल्यांदाच वर बघून हसला, आणि बापलेक चहा घेऊन गेले. मास्तरांचं काम असं होतं. ते कुणाला खोटी आशा लावत नसत आणि कुणाला हाकलूनही देत नसत. 'नाही' पाच मिनिटांत सांगायचं आणि 'होय' शोधायला मात्र तासभर बसायचं, असा त्यांचा खाक्या.

त्या वर्षी एकाच मुलीला त्यांना 'नाही' सांगता येईना, आणि ती त्यांच्याच घरात होती.

कृपा ही मास्तरांची थोरली. वाणिज्य तुकडीत पहिली, चौसष्ट टक्के, इंग्रजी टायपिंग चाळीस, मराठी तीस. निकालाच्या दिवशी तिच्या आईनं, मरियाबाईंनी, शिरा केला, रविवारी चर्चमधल्या उपासनेत पाळकांनी नाव घेतलं, आणि त्याच संध्याकाळी जेवताना कृपा म्हणाली, "पप्पा, मला राहुरीला जायचंय. कृषी विद्यापीठात."

"आपल्याला जमीन कुठाय?" मरियाबाई म्हणाल्या. "परसात चार वांगी हायेत, तेवढ्यासाठी पदवी कशाला?"

पण त्या चार वांग्यांना कृपानं नंबर घातले होते. कुठल्याला किती पाणी, कुठल्यावर कीड कधी आली, हे ती टायपिंगच्या रद्दी कागदांच्या पाठीवर लिहून ठेवायची. मास्तरांना हे सगळं ठाऊक होतं. राहुरीला शास्त्र आणि गणित लागतं, हेही ठाऊक होतं. आणि कृपाजवळ शास्त्र का नाही, हे तर त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

गोष्ट अशी होती. संस्थेचा नियम होता की वाणिज्य तुकडीत वीस मुलं हवीत, नाहीतर तुकडी बंद. अडुसष्टच्या जूनमध्ये एकोणीस भरली. मास्तर आठ दिवस वाड्यावस्त्या फिरले, कुणी मिळेना. मग विसावं नाव त्यांनी घरातून आणलं. कृपा तेव्हा आठवीत शास्त्रात पहिली आली होती. "टायपिंग आलं की मुलीला कुठंही नोकरी," असं ते तिला म्हणाले, आणि ती बापावर विश्वास ठेवून गुपचूप टाइपरायटरसमोर येऊन बसली. तुकडी वाचली, मास्तरांची जागा वाचली. तीन वर्षं ते रोज हजेरी घेत आणि विसाव्या नावाशी आले की त्यांचा आवाज थोडा बसे.

म्हणून त्या संध्याकाळी ते एवढंच म्हणाले, "बघू. कार्ड टाकतो राहुरीला."

त्यांनी कार्ड टाकलं नाही. उत्तर माहीत असताना कार्ड कशाला टाकायचं. पण ते उत्तर तोंडानं सांगायची त्यांची छाती झाली नाही. कृपा रोज विचारायची, "आलं का?" आणि मास्तर म्हणायचे, "पोस्टाचं काय सांगावं." इकडे नगरच्या कॉमर्स कॉलेजची प्रवेशाची मुदत तीस जूनला संपत होती. ती गेली असती तर पोरीचं वर्ष गेलं असतं, आणि घरी बसलेल्या मुलीला स्थळं आणणारे नातेवाईक भिंगारपासून नेवाशापर्यंत टपून होते. मास्तर परक्या पोरांना तारखा पाठ करून सांगत होते आणि घरच्या तारखेकडे डोळेझाक करत होते. त्यांना स्वतःची लाज वाटत होती, आणि लाज वाटली की माणूस आणखीच गप्प होतो.

"आहो, पोरीला काय ते सांगून टाका," मरियाबाई म्हणाल्या. "तुमचं तोंड बघवंना मला."

"सांगतो ना."

"कधी? ऑगस्टात?"

सव्वीस तारखेला शनिवार होता. शाळा सकाळची. दुपारी मास्तर ओट्यावर बसले तेव्हा चार जण आधीच येऊन थांबले होते. तिघांचं काम झालं. चौथ्या जागी पदर नीट करून, गुणपत्रिका मांडीवर ठेवून कृपा बसली होती.

"काय गं?" मास्तर म्हणाले.

"नंबर आहे माझा. मार्क चौसष्ट टक्के. विषय तुम्हीच शिकवलेत."

मास्तर हसायला गेले, पण तिच्या हातात चार कार्डं दिसली तसं त्यांचं हसू विरलं. पोस्टमनला तिनं सांगून ठेवलं होतं, माझ्या नावाची कार्डं माझ्याच हातात द्या. तिनं ती एकेक करून मांडली, अगदी मास्तर मांडत तशी.

"राहुरी, नाही. शास्त्र पाहिजे. हे पुण्याचं सायन्स कॉलेज, नाही. हे पुण्याचं कॉमर्स, होय, पण मुलींच्या वसतिगृहात जागा नाही. आणि हे नगर. होय, वसतिगृहासकट." ती थांबली. "तुम्ही राहुरीला कार्ड टाकलंच नव्हतं. मी टाकलं तर आठ दिवसांत उत्तर आलं. तुमचंच कसं येईना?"

मास्तरांनी चष्मा काढला. पुसायला धोतराचा सोगा धरला आणि तसाच हातात ठेवला.

"कृपा, तुझ्या हातून शास्त्र गेलं ते माझ्यामुळे. एकोणीस भरली होती. वीस लागत होती."

"मला माहीत आहे."

"कधीपासून?"

"नववीच्या पहिल्या दिवसापासून. हजेरीपटावर सगळी नावं आडनावांप्रमाणे लावलीत तुम्ही. माझं तेवढं सगळ्यांच्या खाली, वेगळ्या शाईत." तिनं नगरचं कार्ड सरळ केलं. "मला वाटलं होतं तुम्ही कधीतरी सांगाल. मला अजून राग येतो, पप्पा. शास्त्राच्या वर्गावरनं जाताना रोज यायचा."

मास्तरांनी मान हलवली. आत मरियाबाईंचं भांडं वाजायचं थांबलं होतं.

मग मास्तरांनी चष्मा परत घातला आणि दुसऱ्या कुणाच्याही पोरीला विचारलं असतं तसं विचारलं, "मग आता तुझं काय म्हणणं?"

"नगर. कॉमर्स. मी तिथल्या कारकुनाला वेगळं विचारलं, शेवटच्या वर्षाला सहकार हा विषय घेता येतो म्हणून. खतं, बियाणं, दूध, ऊस, सगळं सोसायट्यांमधनंच जातं ना? शेताच्या बांधावर नाही तर बांधाजवळ तरी पोचेन."

हे मास्तरांना सुचलं नव्हतं. इतकी वर्षं ते पोरांना कॉमर्सचं 'होय' शोधून देत होते, पण त्या होयच्या आत शिरून पलीकडचं दार बघायला त्यांनी कुणाला शिकवलं नव्हतं. त्यांना अभिमान वाटला आणि त्याच दमात फार वाईट वाटलं.

"सोमवारी नगरला जाऊ," ते म्हणाले. "पहिल्या गाडीनं."

"जाऊ. पण एक कबूल करा." कृपानं कार्डं गोळा केली. "परत कधी एकोणीसच भरली, तर एकोणीसच राहू द्यायची."

मास्तर म्हणाले, "कबूल." तिनं त्यांच्याकडे नीट पाहिलं, जणू कबूलवर शिक्का आहे का बघत होती, आणि आत निघून गेली.

कृपा नगरला गेली. वसतिगृहातल्या जेवणाबद्दल तक्रारीची पत्रं आली, मग परीक्षेची, मग पास झाल्याचं. मास्तरांचा ओटा पुढच्या जूनमध्ये पुन्हा भरला. कानिफनाथ नगरला एका वखारीत कारकून लागला होता, रात्री कॉलेजात जात होता, आणि मच्छिंद्र गावात त्याला 'कॉमर्सचा इंजनेर' म्हणत होता. त्यावर मास्तरांनी आक्षेप घेतला नाही.

पण बाहत्तरचं साल कोरडं होतं. वस्त्यांवरची मुलं शाळेत कमी आली, आणि वाणिज्य तुकडीची यादी एकोणीसवर अडली. हेडमास्तर दोनदा येऊन यादी बघून गेले. तिसऱ्यांदा आले तेव्हा वर्गाच्या दारात गहिनीनाथ उभा होता, गावाबाहेरच्या वस्तीवरचा. बरोबर त्याची मुलगी राही, आठवी पास.

"मास्तर, हिला तुमच्या तुकडीत घ्या," गहिनीनाथ म्हणाला. "तुमची लौकर सुटती म्हनत्यात. घरी गुरांचं बघाया बरं."

हेडमास्तरांचा चेहरा खुलला. त्यांनी शाईची दौत मास्तरांपुढं सरकवली.

मास्तरांनी राहीकडे पाहिलं. "तुला काय आवडतं गं?"

मुलगी बापाकडे बघत राहिली.

"त्याच्याकडे नको, इकडे बघ. शाळेत काय आवडतं?"

"शास्त्र," राही हळूच म्हणाली. "बेडकाचं चित्र लई आवडलं हुतं."

मास्तर उठले. त्यांनी दौतीचं झाकण लावलं, राहीला बरोबर घेतलं आणि व्हरांडा ओलांडून शास्त्राच्या वर्गात नेऊन बसवलं. गहिनीनाथ मागोमाग येऊन कुरकुरला, तर त्याला ते म्हणाले, "गुरांना शास्त्र येणारी बाई मिळाली तर तुझंच बरं." ते त्याला पटलं की नाही कळलं नाही, पण तो परत गेला आणि मुलगी बसली.

मास्तर परतले तेव्हा हेडमास्तर यादी हातात घेऊन तसेच उभे होते.

"भिंगारदिवे, काय केलंत हे? तुमची तुकडी गेली ना."

"गेली, सर."

"आता तुमचं काय करायचं?"

मास्तर समोरच्या बाकावर बसले. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"तेच विचारायला बसलोय," ते म्हणाले. "मॅट्रिक, टायपिंग, पदविका. वय सेहेचाळीस. माझ्यासारख्याला काय मिळेल, खरं खरं सांगा."

हेडमास्तरांनी हातातली यादी खाली ठेवली. मग म्हणाले, "पाचवीचं अंकगणित रिकामं आहे. आणि कचेरीतलं टायपिंग. पगार थोडा कमी बसेल."

"चालेल," मास्तर म्हणाले. आणि घरी जाताना त्यांच्या लक्षात आलं, की ते खरंच चालणार होतं.