मधल्या खोलीतल्या दोन सासवा

लोक एसटीत रुमाल टाकून जागा धरतात. मी जळगावात सासूबाई बसवून धरली.

हसू नका. सत्तर सालच्या आसपासचं जळगाव ज्यांनी पाहिलंय, ते नाही हसायचे. गाडी स्टेशनात थांबली की अर्धं गाव खाली उतरायचं आणि उतरलेलं परत चढायचं नाही! कुणी डाळीच्या गिरणीत लागलेला, कुणी तेलाच्या, कुणाला पोरगा कॉलेजात घालायचा. भिंतीचा गिलावा ओला असतानाच बिऱ्हाडं आत शिरायची. आमच्या चाळीत जिन्याखाली एक नवराबायको राहायचे. त्यांना सरळ उभं राहायचं असलं की घराबाहेर यावं लागे. तेसुद्धा पोटभाडेकरू ठेवणार आहेत असं कानावर आलं होतं. (मी विचारायला गेले होते. जागा गेली होती.)

आमची एक खोली. तीत मी, आमचे हे, तीन पोरं आणि साक्रीकडच्या खेड्यातून आलेल्या माझ्या सासूबाई. हे जिनिंगमध्ये कारकून. दिवसभर कापसाच्या गाठी मोजून यायचे आणि घरी आल्यावर म्हणायचे, "आपल्यापेक्षा गाठी बऱ्या. त्यांना गोदाम तरी आहे." झोपताना एकानं कूस बदलली की सगळ्यांनी बदलायची. सासूबाईंची जागा पिठाच्या डब्याला टेकून. सकाळी उठल्या की केसांत आधीचं पांढरं कोणतं आणि पिठाचं कोणतं, कळायचं नाही.

पण माझं दुखणं गर्दीचं नव्हतंच. माझं दुखणं कुसुम होती.

कुसुमचं बिऱ्हाड आमच्यापासून एक खोली सोडून. तिला दोन खिडक्या, आम्हाला एक. तिच्या खिडकीतून लिंबाचं झाड दिसायचं, आमच्या खिडकीतून डाळगिरणीची भिंत. नळ तिच्या दारात, म्हणून हंडा कायम तिचा पहिला. पोरं दोनच, तीही शहाणी. तिची सासू जामनेरकडची. तीही तिथंच राहायची, पण तिला झोपायला खाट! आणि कुसुम वयानं माझ्याहून मोठी असून मला म्हणायची अक्का. "अक्का, तुमचं बाई किती छान! माणसांनी भरलेलं घर!" असं म्हणून मोकळ्या जागेतून ऐटीत चालत जायची. आमच्याकडे चालायला जागाच नव्हती, तर ऐट कुठून करणार?

तर आमच्या आणि कुसुमच्या मधल्या खोलीत पाटील राहायचे. पाटलांना वीज केंद्रात नोकरी लागली, दीपनगरला क्वार्टर मिळालं. घरातल्या घरात नळ! ते ऐकून मी दोन घास कमी जेवले. पण तिसऱ्या घासाला उजेड पडला, की मधली खोली रिकामी होणार! मधे एक दार फोडलं की झालं. मी ह्यांना लगेच खडूनं भिंतीवर दाराची आकृती काढायला लावली. (कुसुमनं पलीकडच्या भिंतीवर काढून घेतली होती. हे मला मागाहून कळलं.)

आम्ही दोघी एकाच दिवशी, एकाच वेळी घरमालक शेठजींच्या पेढीवर पोचलो. शेठजींनी दोघींकडे बघून हात जोडले.

"बाई, मला दोघी सारख्या. भांडण नको. माझी एकच अट हाय. सामान ठेवून, कुलूप लावून लोक गावाला निघून जातात, ते नको. माणूस पायजे. रविवारी मी भाडं घ्यायला येणार. तवा खोलीत जो राहत असेल, पावती त्याच्या नावाची."

मी घरी येऊन ह्यांना म्हटलं, "तुम्ही रविवारपर्यंत त्या खोलीत राहा."

"आणि जिनिंगला कोण जाईल? मी काय तिथं अंडी उबवत बसू?"

"मग मी राहते."

"आणि स्वयंपाक?"

आम्ही दोघांनी एकदमच सासूबाईंकडे पाहिलं. त्या पिठाच्या डब्याला टेकून मिसरी लावत होत्या.

पाटलांचं सामान टांग्यात चढवायला मी आणि कुसुम अशा धावलो की पाटीलबाईंना गहिवरून आलं. एका ट्रंकेची एक कडी माझ्या हातात, दुसरी तिच्या. "राहू द्या अक्का, मी नेते." "छे गं, तू नाजूक!" पाटीलबाई शेवटचा केर काढत होत्या, तोवर मी सासूबाईंना आत आणून भिंतीशी बसवलं.

पाटीलबाई म्हणाल्या, "अहो, मला उंबरा तरी ओलांडू द्या!"

सासूबाई चहूकडे बघत राहिल्या. "माले एकलीले इतली मोठी खोली?"

"तुम्हालाच, आत्याबाई. आता पाय पसरा आणि काही झालं तरी उठू नका."

मी त्यांची गोधडी आणायला घरात गेले. गेले आणि आले, एवढाच काय तो वेळ! येऊन बघते तर समोरच्या भिंतीला कुसुमची सासू. पाय पसरून. शेजारी खाटसुद्धा आलेली!

दारात कुसुम उभी, गोड हसत. "अक्का, म्हटलं तुमच्या आत्याबाईंना एकटं वाटेल."

माझ्या सासूबाई मला विचारतात, "हाई कोन शे?"

"शत्रू," मी कानात सांगितलं. "बोलायचं नाही."

तिकडे कुसुमनंही हेच सांगितलं असणार. कारण दोघी म्हाताऱ्या एकमेकींकडे पाठ करून बसल्या, दोन भिंतींवर दोन देव बसवावेत तशा. चाळीतली पोरं दर्शनाला येऊन गेली.

दुपारपर्यंत हे टिकलं. मग जामनेरवालीची मिसरी संपली. तिनं भिंतीकडे तोंड ठेवूनच विचारलं, "काय वं बाई, मिसरी हाय का तुमच्याजोळ?" माझ्या सासूबाईंनी मागे न वळता डबी सरकवली. मी त्या खोलीच्या खिडकीतून हे सगळं पाहत होते. मला तिथंच कळायला हवं होतं. पण मला वाटलं, डबीच तर आहे!

संध्याकाळी चहा घेऊन गेले तर दोघी एकाच खाटेवर.

"आत्याबाई! काय सांगितलं होतं मी?"

"आवं, तिले बी तिनी सूननी हाईच सांगेल शे," सासूबाई म्हणाल्या, आणि दोघी अशा हसल्या की खाट करकरली. "एकच कप? जाय, आजून एक लई ये."

आता माझं डोकं फिरलं. सासूबाईंना चहा पाजून आपल्या बाजूला ठेवायचं, तर जामनेरवालीला पाजणं आलं. कुसुमला हे कळलं तशी तिनं भरीत केलं. हिरव्या वांग्यांचं, कपाशीच्या काड्यांवर भाजलेलं, कांद्याची पात घालून, सोबत ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी. वास आमच्या एकुलत्या खिडकीतून सरळ आत. आणि पाठोपाठ माझ्याच सासूबाईंचा आवाज, चाळभर ऐकू जाईल असा:

"कुसुमना हातनं भरीत खाई देख, बठ्ठं इसरी जाशी!"

सगळं विसरशील म्हणे! एवढ्या वर्षांत माझ्या भरताला ही बाई फक्त "मीठ शे" एवढंच म्हणाली होती!

दुसऱ्या दिवशी मी पोरांना ओट्यावर काढलं, ह्यांना रस्त्यावर काढलं आणि खापर चढवून मांडे केले. मांडा हातावर फिरवायला जागा लागते. आमच्या खोलीत एक मांडा फिरवताना कोपर फळीला लागलं, हळदीचा डबा पडला, आणि मी पिवळीजर्द होऊन, ताट घेऊन, मिरवत कुसुमच्या दारावरून गेले. तिनं दुसऱ्या दिवशी शेवेची भाजी केली. मी पातोड्या केल्या. तिनं खीर केली. रात्री आमच्या घरी काय? वरण. ह्यांनी ताटाकडे बघितलं.

"ते मांडे?"

"ते खोलीसाठी होते."

"मग मीही त्या खोलीत राहायला जाऊ का? भिंतीला टेकून बसतो. बोलणार नाही कुणाशी."

रविवारी मी इस्त्रीचं लुगडं नेसून उभी राहिले. कुसुमही उभी राहिली, नवं लुगडं नेसून (तिचं नवं!). शेठजी आले. आतमध्ये दोन म्हाताऱ्या, मधे सुपारीचं तबक, दोघींच्या चेहऱ्यावर अशी तुकतुकी की आठवड्यात पाच वर्षांनी लहान झालेल्या.

"माताजी, खोलीत राहतं कोण?"

मी दारातून सासूबाईंना डोळ्यांनी खुणावत होते. कुसुम तिच्या सासूला. इतके डोळे वटारले की शेठजींना वाटलं आमच्या डोळ्यांत काही गेलं.

"आम्ही आठेच राहतस," माझ्या सासूबाई तिथल्याच जमिनीवर हात थापटत म्हणाल्या.

"दोघी," जामनेरवाली म्हणाली. "सुना म्हने बसा, त बसलो. आता कायले उठू?"

"आत्याबाई, अहो उठायचं आता!" मी न राहवून म्हटलं. "आपण मधे दार फोडणार आहोत ना!"

"दार?" सासूबाईंनी मला नीट बघून घेतलं. "दार फोडं का तुना पोरं आठे, तुना डबा आठे. मी परत पीठमां! तूच सांगेल शे ना, काही व्हयनं तरी उठू नको?"

सांगितलं तर होतंच. कुसुमला हसू आलं. पण तिच्या सासूनं तिच्याकडे बोट दाखवून म्हटलं, "तू बी हसू नको. तुह्या दाराची बी गरज नाही," तेव्हा ते गेलं. माझ्या जिवाला तेवढाच काय तो थंडावा.

शेठजी खूश! आईच्या वयाच्या दोन बायका, भांडण नाही, पोरं नाहीत, भिंतींवर खिळे ठोकणार नाहीत. पावती दोघींच्या नावानं फाडली. भाडं अर्धं आम्ही, अर्धं कुसुमनं द्यायचं ठरलं. म्हणजे वाढत्या शहरात, जिथं जिन्याखालीसुद्धा संसार होते, तिथं दोघीच बायकांना पाय पसरून झोपता येत होतं, आणि त्यांना तिथं नेऊन बसवणाऱ्या आम्ही!

बरं, पिठाच्या डब्याशेजारची जागा तरी मोकळी झाली म्हणावं, तर तीही नाही. सासूबाईंनी शहरात खोली घेतली ही बातमी साक्रीपर्यंत गेली. माझी नणंद पोराबाळांसह आईची खोली बघायला आली. बघितली, डोळे पुसले, "माय, तुनं नशीब उघडनं," म्हणाली आणि झोपायला आमच्याकडे आली. म्हाताऱ्यांना त्रास नको म्हणून!

ती उन्हाळ्याची दुपार होती. आमच्या खोलीत नणंदेची पोरं, आमची पोरं, पत्र्याचा चटका. मला पाठ टेकायला वीतभर जागा नाही. शेवटी मान खाली घालून मी मधल्या खोलीचं दार हळूच वाजवलं. सासूबाईंनी फटीएवढं उघडलं.

"आत्याबाई, थोडा वेळ अंग टाकू का?"

"हळू बोल," त्या कुजबुजल्या. "कुसुम झोपेल शे."

मी फटीतून डोकावले. खिडकीखाली, जिथं वारा येतो बरोब्बर तिथं, ती आडवी पडली होती.

"तू बस भाईर. ती उठनी का तुले बलावस."

दार लागलं. मी पायरीवर बसले. आतून कुसुमच्या घोरण्याचा आवाज येत होता, संथ, एका लयीत, मधे कुठं न अडखळता. मी कान देऊन ऐकत राहिले. घोरणंसुद्धा मेलीचं माझ्यापेक्षा सुरेख होतं!