दहा फ्रँकचा खाणकामगार

दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी फ्रान्स व्यापला, त्या काळातल्या फ्रेंच नोटांचा अल्बम माझ्याकडे आहे. आंबागडच्या किल्ल्याखाली राहणाऱ्या इतिहासाच्या मास्तराला ही खोड कुठून लागली, असं लोक विचारतात. त्याआधी नोटेचे किती येतील ते विचारतात.

सगळ्यात लाडकी नोट दहा फ्रँकची. तिच्यावर खांद्यावर कुदळ घेतलेला खाणकामगार आहे. नागपूरच्या जुन्या बाजारात दिसली आणि घासाघीस न करता घेतली, कारण माझे बाबाही खाणीतले. तीस वर्षं ठेकेदाराच्या हाताखाली मॅंगनीज फोडलं त्यांनी.

ती नोट दाखवून मी वर्गात तावातावानं शिकवायचो. जर्मन फौजेचा खर्च फ्रान्सच्याच बोकांडी बसला, म्हणून तिथलं सरकार नोटा छापत सुटलं. लोक थंडीत कुडकुडत होते, घरात जाळायला कोळसा नव्हता, आणि नोटेवर मात्र कोळसा काढणाऱ्याचा रुबाब! ज्याला पिळायचं, त्यालाच मिरवायचं. मुलं वहीत उतरवून घ्यायची आणि मला स्वतःचं फार कौतुक वाटायचं.

गेल्या वर्षी बाबांचे हात थरथरायला लागले, चालताना तोल जायला लागला. मॅंगनीजच्या धुळीनं असं होऊ शकतं, डॉक्टर म्हणाले. मदतीचा अर्ज घेऊन सरकारी कचेरीत गेलो, तर खिडकीतल्या बाबूनं विचारलं, "खाणीत होते याचा काही कागद?"

ठेकेदार केव्हाच गाशा गुंडाळून गेला होता. पण कागद होता. बाबांचं हजेरी कार्ड, फडक्यात बांधून लोखंडी पेटीत ठेवलेलं. घरी येऊन पेटी उघडली. आत माझे अल्बम होते.

मग आठवलं. अल्बमांना जागा हवी म्हणून ती पेटी मीच रिकामी केली होती आणि जुने कागद रद्दीवाल्याला दिले होते. बाबांनी तेव्हा विचारलंही होतं, "मायं कार्ड तं नाही ना फेकलं, बापू?" कुजके कागद कायले पाहिजे आता, असं मीच त्यांना झटकलं होतं. परक्या मुलखातल्या नोटांना प्लास्टिकची पाकिटं, आणि बापाची तीस वर्षं रद्दीत. दिव्याखाली अंधार म्हणतात. इथे दिवा म्हणून मीच मिरवत होतो. लाज वाटते हे लिहितानाही.

संध्याकाळी बाबांना सगळं सांगितलं. ते चिडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी अल्बम मागितला, पान उलटून दहा फ्रँकची नोट काढायला लावली आणि डोळ्यांजवळ नेली. हातात ती पार थरथरत होती.

"याची कुदळ तं चमकून राहिली," ते म्हणाले. "पयलाच दिवस असन याचा."

त्यांनी नोट माझ्याकडे परत दिली.

"अर्जाले याचाच फोटो चिकटव, बापू. याचा कागद तं तू सांभाळून ठेवला."