रोस्विताबाईंच्या काचा

रोस्विता कुर्टेनबाईंच्या काचपट्ट्यांच्या रॅकला हात लावायची प्राज्ञा कुणाचीच नव्हती, खुद्द प्रोफेसर लोवेनिख यांचीही नाही. राईन नदीकाठच्या त्या प्रयोगशाळेत बाई सत्तावीस वर्षं गोठवलेल्या मानवी मेंदूचे केसाहून पातळ काप काढत होत्या. काप काचेवर सुरकुती न पडता बसला की स्वतःशीच गुणगुणायच्या. असं सुख सगळ्यांच्या नशिबी नसतं.

काम मात्र सोवळ्यातलं. पेशींना चेतवणारं ग्लुटामेट हे रसायन मेंदूच्या सालीत, म्हणजे बाहेरच्या आवरणात, ज्या जागांवर बसतं, त्या कुठल्या थरात किती, हे शोधायचं. मेलेल्या माणसाचं स्वतःचं ग्लुटामेट तिथे ठाण मांडून बसलेलं असतं. आधी काचा पाव तास धुवून त्याला उठवायचं, मग दुसऱ्या भांड्यातलं किरणोत्सारी औषध रिकाम्या जागी बसवायचं. पुढे पंधरा आठवडे त्या काचा फिल्मला चिकटून अंधारात. जागा दाट असतील तिथे फिल्म काळी पडते.

अकरा नोव्हेंबरला, तिथल्या रिवाजाप्रमाणे बरोबर अकरा वाजून अकरा मिनिटांनी, कार्निवलचा, म्हणजे सोंगांचा आणि नाचगाण्याचा, हंगाम सुरू झाला. काचा धुवायला ठेवून बाई अंगणात गेल्या आणि नाचातच रमल्या. परतल्या तर रॅक औषधाच्या भांड्यात! मी हलवला कधी? काही केल्या आठवेना. घाईत न धुताच तर बुडवला नाही? कागदावर 'धुतलं' पुढे खूण होती, पण बाई ती आधीच करून ठेवायच्या. त्या दात्याच्या मेंदूचा तेवढाच तुकडा उरला होता. फिल्म कोरी निघाली तर त्याचं दान मातीत जाणार, आणि मार्चमध्ये निवृत्त होताना बाईंच्या नावाला बट्टा लागणार. सांगायची सोय नव्हती. तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

फेब्रुवारीत कार्निवलमधला 'बायकांचा गुरुवार' उजाडला. त्या दिवशी बायका कात्री घेऊन पुरुषांचे टाय कापतात, म्हणून शहाणे पुरुष जुनापाना टाय घालून येतात. फिल्म उघडायचा दिवसही नेमका तोच. अंधाऱ्या खोलीच्या दारात बाईंना राहवलं नाही.

"प्रोफेसर, त्या काचा मी बहुतेक न धुताच औषधात घातल्या हो. तेव्हापासून धड झोप नाही मला."

प्रोफेसर कानापर्यंत लाल झाले. "धुतल्यात. पुरता पाव तास."

"तुम्हाला काय ठाऊक?"

"धुण्याच्या घड्याळाची घंटा वाजली तेव्हा तुम्ही रखवालदाराला नाचवत होता. मग मीच हलवला रॅक."

"माझा रॅक? तुम्ही?"

"म्हणूनच तर गप्प बसलो! मागे नुसता ब्रश उचलला, तर आठवडाभर कॉफी बंद केली होतीत माझी. आणि खरं सांगू? त्या कामाची सवय नाही माझ्या हातांना; काप निसटले की काय या धास्तीनं मीही झोपलो नाही नीट."

दोघं आत गेले. फिल्म द्रावणातून वर आली. सालीच्या खालच्या थरांत गर्द काळी पट्टी, वर फिकट. ते औषध ज्या जातीच्या जागांवर बसतं, त्या तिथेच दाटी करतात; म्हणजे काचा नीट धुतल्या होत्या. बाईंना हसू आणि रडू एकदमच आलं.

अकरा वाजून अकरा मिनिटांनी बायकांचा गलका झाला. प्रोफेसरांनी मान पुढे केली. "रेशमी घातलाय मुद्दाम. दंड समजा."

बाईंनी टाय सरळ रेषेत कापला, रिवाजाप्रमाणे गालावर पापा दिला. मग नोव्हेंबरचा कागद काढून 'धुतलं' पुढची आपली खूण खोडली आणि पेन प्रोफेसरांच्या हाती दिलं. सत्तावीस वर्षांत त्या कागदांवर दुसऱ्या कुणाची सही पहिल्यांदाच होत होती.