आमचा तेलाचा डबा

बेळगाव-निपाणीकडं त्या काळी गाडीची पारख बोटाच्या पेरानं व्हायची. बॉनेटवर टकटक करायचं. आवाज भरीव आला तर गाडी खानदानी, पोकळ आला तर तेलाचा डबा. ऐंशीनंतर ती नवी छोटी गाडी रस्त्यावर आली तेव्हा आमच्या सगळ्या शहाण्यांनी ती वाजवून पाहिली आणि पोटभर हसून घेतलं. माझा थोरला भाऊ, अण्णा, तेवढा हसला नाही.

अण्णा बेळगावाजवळ मच्छे गावातल्या एका कारखान्यात क्रँकशाफ्टवर काम करायचा आणि सुट्टीला निपाणीच्या एका तंबाखू व्यापाऱ्याची शर्यतीची गाडी सांभाळायचा. आम्ही त्या व्यापाऱ्याला मालक म्हणायचो. त्यांची गाडी अमेरिकन, आठ सिलिंडरची. सरळ रस्त्यावर ती कुणाला ऐकायची नाही, पण वळण आलं की म्हैस डबक्यात शिरावी तशी रुतायची. दरवेळी हरून आले की मालक म्हणायचे, "मेस्त्री, आणि मोठं इंजिन बघूया."

एकदा अण्णा म्हणाला, "मोठं नको मालक. गाडी हलकी करूया. इंजिन ल्हानच ठेवूया, पर त्येला टर्बो लावूया."

मालकांच्या घरी बायकांसाठी घेतलेली तसली छोटी गाडी होती. थट्टेथट्टेत त्यांनी ती अण्णाच्या हवाली केली. वर चारचौघांत शब्दही दिला, कोल्हापूरच्या शर्यतीत हा डबा पळाला तर बेळगावच्या उद्यमबागेत, कारखान्यांच्या वस्तीत, शेड घालून देतो, तुम्ही असल्याच गाड्या बांधत बसा. मोठ्या माणसाचा शब्द म्हणून अण्णानं कारखाना सोडला. आईनं कपाळाला हात लावला. मी मात्र खूश होते. एवढी खूश मी नंतर माझ्या लग्नातही नव्हते.

टर्बो गोव्यात सापडला, अपघातात चेपलेल्या एका जपानी गाडीत. मी कॉलेजात शिकत होते, तरी मला तो काय प्रकार आहे ते कळेना. अण्णा म्हणाला, "लोहाराचा भाता बघितलाईस न्हवं? कोळसा तेवढाच, पर वारा घातला की लोखंड पाणी हुतंय. ह्यो भाता गाडीच्या धुरावरच फिरतोय. फुकट जाणारा धूर गं, त्यालाच कामाला लावायचं." भात्याचा पंखा नखासारख्या पातळ पात्यांचा होता. त्याला वारा मिळावा म्हणून अण्णानं पुढचा एक दिवा काढला आणि त्या भोकातच भात्याचं तोंड आणून बसवलं. वर बारीक जाळी लावली.

जांबोटीच्या रस्त्यावर आम्ही ती पळवायचो. माझं वजन कमी, म्हणून भात्याच्या दाबाचा काटा वाचायला मी शेजारी. आधी गाडी नुसती कुरकुरायची, मग शिट्टी ऐकू यायची आणि कुणीतरी मागून ढकलून द्यावं तशी ती सुटायची. वळणावर तर बोट धरून चालावं इतकी सोपी. अण्णा हसायचा. घरात कधी न हसणारा माझा भाऊ गाडीत मोठ्यानं हसायचा, हे मी पाहिलेलं आहे.

शर्यत दसऱ्यानंतरच्या रविवारी होती. घोडामैदान जवळच होतं. खंडेनवमीच्या आदल्या दिवशी अण्णानं सगळं धुऊन पुसून काढलं. जाळीही काढून घासली. नवमीला सकाळी स्क्रू-ड्रायव्हर, पाने, हातोडे रिवाजाप्रमाणे पाटावर मांडले, हळदकुंकू वाहिलं. एकदा पूजेला बसलेलं हत्यार दसरा उजाडल्याशिवाय उचलायचं नाही, हे आमच्यात लहान मूलही जाणतं. जाळी बसवायची राहिली होती. अण्णा निश्चिंत होता. गाडी त्या दिवशी सुरूच करायची नव्हती.

दुपारी मालक पाहुणेमंडळी घेऊन आमच्या अंगणात आले. गाडीच्या भोकाकडं बघून त्यांचं तोंड वाकडं झालं. "काणी गाडी पुजायची असतीय व्हय मेस्त्री?" म्हणाले, आणि झेंडूचा मोठा हार त्यांनी नेमका त्या भोकावर घातला. पडू नये म्हणून टोकं आत खोवली. हार मनगटाएवढा जाड, तारेत ओवलेला.

"मालक, तिथं नगा. आत पंखा हाय," अण्णा म्हणाला.

"पूजा झाल्यावर गाडी लिंबावरनं काढायची असतीय. एक फेरी मारतो, बस."

अण्णा हार काढायला वाकला. मालकांनी त्याचा हात धरला. देवाला वाहिलेलं काढतोस, तेही पाहुण्यांदेखत? अण्णानं हात जोडले. "बरं, मग गॅस तरी देऊ नगा. पाया पडतो."

लिंबू फुटलं. अंगणापुरती गाडी हळू गेली. फाटकापाशी पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या आणि मालकांनी पाय दाबला. शिट्टी आली, हार आत ओढला गेला, आणि मग डब्यात खिळे घालून हलवावेत तसा आवाज. पात्यांचे तुकडे इंजिनात गेले होते. रस्त्यावर झेंडूच्या पाकळ्या तेवढ्या उरल्या.

मालक खाली उतरले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "मी म्हटलं न्हवतं? हलकं ते हलकंच. दम न्हाय इंजिनात." चोराच्या उलट्या बोंबा! मी बोलायला तोंड उघडलं तर अण्णानंच मला गप्प बसवलं. त्याचा राग मला अजून आहे.

पुढं निपाणीपासून बेळगावापर्यंत हेच तोंडोतोंडी झालं, मेस्त्रीनं गाडी फोडली. शेडचं नाव कुणी काढलं नाही. अण्णा परत मच्छ्याला गेला, त्यानंच शिकवलेल्या पोराच्या हाताखाली. कुणी टर्बोचा विषय काढला की तो उठून जायचा. गाडीत तर तो पुन्हा हसलाच नाही.

काही वर्षांनी लग्न होऊन मी निपाणीतच आले. दशक संपत आलं होतं. तोवर हलक्या गाड्यांचे दिवसही आले होते, आणि त्यांना हसणारेच आता त्यांचं कौतुक सांगत होते. मालकांनी परदेशी गाडी आणली. छोटी, हलकी, टर्बोची. "ह्या भागात हे सगळ्यात आधी मलाच कळलं," असं ते गावभर सांगत.

खंडेनवमीला मी त्यांच्या दारावरून गेले आणि थांबले. गाडी पुजलेली होती. पुढचं तोंड अगदी मोकळं, एक पाकळी नाही.

दसऱ्याला सोनं द्यायला माहेरी गेले तेव्हा अण्णाला सांगितलं. तो आपट्याची पानं हातात घेऊन उभा होता.

"हार कुठं घातलता?" त्यानं विचारलं.

"मागं. डिकीवर."

त्यानं पानं माझ्या हातावर ठेवली. मग म्हणाला, "म्हंजे त्यास्नी ठावं हुतं."