तालवाद्यात ढोलकी बसत नाही

माझ्या थोरल्या नणंदेइतकं मनापासून रागावणारं माणूस मी आजवर पाहिलेलं नाही, आणि पाहण्याची ताकदही आता उरलेली नाही. लोक चहा पितात तशा वन्सं रागावतात. सकाळी उठल्याउठल्या एकदा, दुपारी एकदा, आणि कुणी आलं तर त्याच्यासोबत पुन्हा. अंबरनाथच्या सरकारी कारखान्याच्या ऑफिसात त्या होत्या तेव्हा साहेब लोक त्यांचं टेबल टाळायला मागच्या जिन्याने ये-जा करत, हे त्यातल्याच एका साहेबांनी मला सांगितलं. निवृत्त होऊन त्या बदलापूरला आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहायला आल्या आणि सोसायटीच्या सेक्रेटरींनी राजीनामा दिला. त्यांनी तब्येतीचं कारण लिहिलं होतं. आम्ही कुणी खोदून विचारलं नाही.

बेताल वाजवणं त्यांना मुळीच खपत नाही. आमच्या गल्लीतून एक वरात चालली होती, तर या गाऊनवर ओढणी घेऊन खाली उतरल्या आणि बँडवाल्याला म्हणाल्या, "तुझी सम यायची वाट बघत नवरदेव म्हातारा होईल." भजनी मंडळातल्या बायका त्यांना जिन्यात पाहिलं की टाळ पिशवीत टाकतात. आणि स्वतः वन्संना एकही वाद्य वाजवता येत नाही. लहानपणी तबल्याच्या क्लासला घातलं होतं माझ्या नवऱ्याला, आणि त्याची ने-आण करायचं काम वन्संकडे. नवरा बरीच वर्षं शिकला. आज त्याला टाळ्यासुद्धा ठेक्यात वाजवता येत नाहीत. वन्सं बाहेर पायरीवर बसून नुसतं ऐकत राहिल्या आणि त्यांचा कान तयार झाला. "मुलीला कशाला तबला, असं म्हणाले होते दादा," हे वडिलांचं वाक्य त्या मेथी चिरताना सांगतात, आणि त्या दिवशी मेथीची पार चटणी होते.

निवृत्तीनंतर त्यांनी एकच उद्योग धरला: वाजवणाऱ्या गरीब मुलांना शिष्यवृत्ती मिळवून देणं. ट्रस्टची दारं ठोठावायची, लोकांना फोन करून बेजार करायचं, नाही म्हणाले की तिथेच खुर्ची ओढून बसायचं. गाणाऱ्याला शाल मिळते, नाचणाऱ्याचा फोटो छापून येतो, आणि वाजवणाऱ्याला कुणी विचारलंच तर पाणी विचारतात, असं त्यांचं म्हणणं. उल्हासनगरला कॅम्प दोनमध्ये एक सिंधी गृहस्थ वाद्यं दुरुस्त करतात. त्यांच्या दुकानातलं स्टूल म्हणजे वन्संचं ऑफिस. ते वन्संना अदी म्हणतात, म्हणजे ताई, आणि त्यांच्याशी भांडायला मिळावं म्हणून मुद्दाम भाव चढा सांगतात असा मला संशय आहे. "अदी, गुस्सा मत करो," ते म्हणतात, "गुस्से से चमडा टाईट नहीं होता."

प्रज्ञा त्यांना याच दुकानात भेटली. अंबरनाथची मुलगी, नुकतीच बारावी झालेली. वडील एमआयडीसीत केमिकल कंपनीत शिफ्टला जातात आणि सुट्टीच्या दिवशी भीमगीतांच्या कार्यक्रमात ढोलकी वाजवतात. तीही त्यांच्याकडेच शिकली. ढोलकीला चामड्याची नवी पुडी चढवून झाली होती, ती कशी बोलते ते बघायला तिने तिथेच मांडीवर घेऊन वाजवली. दुकानदार अजून सांगतात, "अदी एकदम चूप हो गई. मैं समझा, तबियत बिगड गई."

प्रज्ञाला पुण्याला संगीताची पदवी करायची होती. फी आणि होस्टेल वडिलांच्या पगारात बसणारं नव्हतं. त्याच सुमारास अंबरनाथच्या एका ट्रस्टने तालवाद्य शिकणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी शिष्यवृत्ती जाहीर केली. वन्संनी तिचं नाव घातलं, रोज संध्याकाळी तिला घरी बोलावून वाजवायला लावलं, आणि मुलाखतीच्या दिवशी मलाही ओढून नेलं. "मला बोलताना कुणीतरी आवरायला हवं," म्हणाल्या. असं त्यांनी कबूल केल्याचं मला दुसरं उदाहरण आठवत नाही.

टेबलामागे तीन गृहस्थ होते. मधल्यांच्या गळ्यात उपरणं. प्रज्ञाने पिशवीतून ढोलकी काढली आणि त्यांनी चष्मा काढला.

"ढोलकी? आम्ही तालवाद्य म्हणजे तबला आणि पखवाज धरतो."

"ढोलकीवर ताल वाजत नाही का?" वन्संनी विचारलं.

"तसं नाही हो बाई. पण हे लोकांचं वाद्य. यात शास्त्र नाही. त्यांच्यासाठी वेगळ्या योजना असतात ना, सरकारच्या."

'त्यांच्यासाठी' हा शब्द त्यांनी फार हळुवार उच्चारला. माझीच कानशिलं तापली, तर वन्संचं काय झालं असेल. त्या उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "आधी हिचं ऐका. ऐकून नाही म्हणा, मी निमूट जाईन. न ऐकता नाही म्हणालात तर मी इथून हलणार नाही." कडेचे गृहस्थ खिडकीबाहेर बघायला लागले. उपरणंवाल्यांनी समजुतीने हसून प्रज्ञालाच विचारलं, "बेटा, तबला येतो का थोडाफार? तबल्यावर अर्ज असेल तर विचार करता येईल."

"ती ढोलकीच वाजवेल," वन्सं म्हणाल्या. "चल गं, उठ. असल्यांचे पैसे नकोत आपल्याला."

प्रज्ञा उठली नाही. तिने ढोलकी पिशवीत परत ठेवली, चेन लावली आणि म्हणाली, "येतो सर. वाजवते." वन्संकडे न बघता ती हळूच म्हणाली, "मावशी, तुम्हाला राग परवडतो. मला नाही परवडत."

कोपऱ्यातल्या ट्रस्टच्या तबल्यावर तिने तीनताल वाजवला. शाळेत शिकवतात तसा, नीटस, चूक न करता. उपरणंवाल्यांनी मान डोलावली. शिष्यवृत्ती मिळाली. पुढचे कित्येक दिवस वन्संच्या स्वयंपाकघरातली भांडी माझ्या डोक्यावर आदळत होती. प्रज्ञावर त्या रागावल्या नाहीत. "तिचं बरोबर आहे," म्हणायच्या, "म्हणूनच जास्त संताप येतो." ट्रस्टला मात्र त्या अजून फोन करतात. तालवाद्याची व्याख्या काय, एवढंच विचारतात. पलीकडून फोन ठेवतात. या पुन्हा लावतात.

प्रज्ञा पुण्याला गेली. तबल्यात तिचं छान चाललंय असं कळत होतं. यंदा बुद्धजयंतीला ती घरी आली. अंबरनाथला त्यांच्या वस्तीत कार्यक्रम होता, वडिलांनी ढोलकी तिच्याकडे दिली आणि स्वतः कोरसमध्ये उभे राहिले. आम्ही दोघी पुढच्याच खुर्च्यांवर. मुलीने काय वाजवलं म्हणून सांगू. बोटं दिसत नव्हती. म्हातारी माणसं उठून नाचली, शिट्ट्या झाल्या, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. वन्सं मात्र मान किंचित वाकडी करून ऐकत होत्या, एखादं ओळखीचं माणूस गर्दीत शोधावं तशा.

"काय झालं?" मी विचारलं.

"बोटांनी वाजवते आता," त्या म्हणाल्या. "आधी अख्ख्या हाताने वाजवायची. बापासारखी."

मला काही फरक कळला नव्हता. मी स्टेजकडे पाहिलं. तिचे वडील गात होते, पण त्यांची नजर लेकीच्या हातावर होती, आणि चेहऱ्यावर अभिमान होता. फक्त अभिमान होता असं मला छातीठोक सांगता येणार नाही.

कार्यक्रम संपल्यावर प्रज्ञा घामाघूम होऊन धावत आली. "मावशी, कसं झालं?"

या बाईने बँडवाल्याला सोडलं नव्हतं, साहेबांना सोडलं नव्हतं, सख्ख्या भावाला अजून सोडत नाही.

"छान," वन्सं म्हणाल्या.

प्रज्ञा पुढच्या वाक्यासाठी थांबली. ते आलं नाही. तिने एकदा आपल्या बोटांकडे पाहिलं, मग वन्संकडे, आणि त्यांच्या खांद्यावर डोकं टेकलं. वन्सं तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या, अख्खा तळवा टेकवून, हळूहळू.